अब्बांची वही

या शाबानमध्ये अब्बांना जाऊन अकरा वर्षे झाली. मोहल्ल्यातली जी पिढी त्यांना ‘हवालदारचाचा’ म्हणून हाक मारायची ती आता थकली आहे. नव्या पोरांना ते फक्त ‘बाईंचे वडील’ म्हणून ठाऊक. (मी शाळेत शिकवायचे, म्हणून मी सगळ्यांची ‘बाई’.) लष्करात ते एकोणीस वर्षे होते. निवृत्त झाल्यावर जवळजवळ पंचवीस वर्षे त्यांनी विमा कंपन्यांसाठी अपघातांचा तपास केला. पहिल्या नोकरीचा आम्हां घरच्यांना अभिमान होता. दुसऱ्या कामाबद्दल मात्र पाहुण्यांसमोर कोणी विषय काढत नसे. आज मी त्या दुसऱ्या कामाबद्दल लिहायला बसले आहे, आणि त्यातल्या एका प्रकरणाबद्दल, ज्याचा अहवाल माझ्या अक्षरात आहे.

दादा साताऱ्यात टांगा चालवत. मुलाने घोडा सांभाळावा ही त्यांची इच्छा, आणि मुलाचा जीव इंजिनात. १९६२ मध्ये, अठराव्या वर्षी, अब्बा भरती झाले आणि सिकंदराबादला ईएमईच्या केंद्रात गाड्यांचे काम शिकले. ईएमई म्हणजे लष्कराच्या गाड्या, तोफा, रणगाडे दुरुस्त करणारे दल. लढाईत जे मोडून पडते ते ओढून मागे आणायचे कामही त्यांचेच. बंदूक सगळ्यांनाच शिकवतात, पण अब्बांच्या हातात जास्त करून पाना असे.

१९६५ च्या सप्टेंबरात ते पंजाबात होते. खेमकरणजवळ असल उत्तरची लढाई ८ ते १० सप्टेंबरला झाली. पाकिस्तानचे पॅटन रणगाडे उसाच्या आणि कालव्याचे पाणी सोडलेल्या शेतांत अडकले आणि शंभराच्या आसपास रणगाडे तिथेच राहिले. पकडलेले रणगाडे भिखीविंडला रांगेत आणून उभे केले होते. त्या जागेला लोक ‘पॅटननगर’ म्हणू लागले. ते ओढून आणणाऱ्यांत एकवीस वर्षांचे अब्बा होते.

निवृत्तीनंतर आमच्या शाळेत २६ जानेवारीला त्यांना भाषणाला बोलवत. मुख्याध्यापकांना अब्दुल हमीद हवे असत, आणि ते बरोबरच होते. अब्बा उभे राहून ताठ आवाजात सांगत: चौथी ग्रेनेडियर्स, जीपवर बसवलेली रिकॉइललेस तोफ, चीमा गावाजवळची जागा, १० सप्टेंबरला शहादत, परमवीरचक्र. एवढे बोलून झाले की त्यांची गाडी चिखलाकडे वळे. त्यांच्या तुकडीतल्या एका सुभेदाराने त्यांना मेलेला रणगाडा वाचायला शिकवले होते. गोळा आत शिरतो ते भोक स्वच्छ असते. बाहेर पडतो तिथे पत्रा फाटून बाहेरच्या बाजूला वळतो. त्यावरून मारा कुठून झाला ते कळते. पण काही रणगाड्यांना एकही भोक नव्हते. ते नुसते रुतले होते आणि आतली माणसे सोडून गेली होती. त्या प्रत्येक रणगाड्याबद्दल मात्र, ‘हा आम्ही मारला’ म्हणणारे जवान भेटत. अब्बा म्हणत, “मुलांनो, त्याला कोणीच मारले नव्हते. तो चिखलात बसला होता.” मुले हसायची. मुख्याध्यापक घड्याळ बघायचे. मी तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसायचे आणि मनात म्हणायचे, अब्बा, एक तरी रणगाडा आपला म्हणून सांगा ना.

१९८१ मध्ये ते हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि पुणे-बंगलोर रस्त्यावर एक छोटे गॅरेज टाकले. तिथे एकदा एक वकीलसाहेब अपघातातली जीप घेऊन आले. जीप उलटी होऊन आपटली की समोरून ठोकली, एवढेच त्यांना हवे होते. अब्बांनी जीपखाली जाऊन पाच मिनिटांत सांगितले. वकीलसाहेबांचे विमा कंपनीत येणेजाणे होते. असे हे काम सुरू झाले. नुकसानीची किंमत ठरवणाऱ्या सर्व्हेअरला परवाना लागतो, पण घटनेचा तपास करणाऱ्याला त्या काळी कोणी परवाना विचारत नसे. निवृत्त पोलीस, निवृत्त फौजी, एखादा नवशिका वकील, असे लोक ते करत. दर प्रकरणाला ठरलेले मानधन आणि एसटीचे भाडे. दावा खरा निघो की खोटा, मानधन तेवढेच.

अब्बांचे शिक्षण उर्दूतून, सातवीपर्यंत. पोलिसांचे पंचनामे मराठीत, आणि तेही कोणत्या मराठीत! ‘सदर मयत इसम नामे’, ‘मजकूर वाहन’, ‘समक्ष’, ‘रुजू’. हे वाचायला त्यांना माणूस हवे होते. आठवीत असल्यापासून ते काम माझ्याकडे आले. रात्री इशानंतर आम्ही दोघे कंदिलाएवढ्या उजेडाच्या बल्बखाली बसायचो. मी पंचनामा वाचायची, ते डोळे मिटून ऐकायचे आणि मध्येच थांबवायचे. “परत वाच. काचा कुठे पडल्या म्हणतो? रस्त्याच्या पूर्वेला? आणि सायकल पश्चिमेला?” मग ते खडूने फरशीवर रस्ता काढायचे. अहवालाची स्वच्छ प्रत मी मराठीत लिहायची आणि वकिलांचा टायपिस्ट तिचे इंग्रजी करायचा. माझे मराठी अक्षर सुधारले ते या मेलेल्या माणसांमुळे.

त्यांची तपासाची रीत साधी होती. पोलिसांचे कागद आधी वाचायचे, पण जागेवर गेल्याशिवाय त्यावर मत करायचे नाही. जागेवर अपघाताच्याच वेळी जायचे. पहाटेचा अपघात असेल तर पहाटेच. चहाच्या टपरीवर आधी चहा प्यायचा, प्रश्न दुसऱ्या दिवशी. आणि माणसांपेक्षा वह्या जास्त विचारायच्या. सिव्हिल हॉस्पिटलची नोंदवही, एसटी नियंत्रकाची गाड्या आल्या-गेल्याची वही, पेट्रोलपंपाची बिले, जकात नाक्याच्या पावत्या. आता नाके गेले, पण त्या काळी मालाची गाडी शहरात शिरताना वेळ आणि क्रमांक कागदावर पडायचाच.

एकदा कंपनीला वाटत होते की म्हातारा धनगर आपल्या मरणाने मेला आणि मुलाने ट्रकखाली दाखवला. अब्बांनी एसटी नियंत्रकाच्या वहीवरून त्या वेळी तिथून गेलेली गाडी शोधली, तिचा कंडक्टर शोधला. त्याने ट्रक पाहिला होता. दावा खरा निघाला, मुलाला पैसे मिळाले. कंपनीने मानधन दिले आणि पुढचे सहा महिने अब्बांना एकही काम आले नाही. हे मी आधी सांगते, कारण पुढचे वाचून कोणाला वाटेल की ते कंपनीचे माणूस होते.

आता खाला. त्यांचे नाव मी लिहीत नाही. मी त्यांना खालाच म्हणत असे, रक्ताचे नाते नसले तरी. आमच्या मागच्या गल्लीत राहत. त्यांचे पती एका बेकरीचे पाव सायकलवर पेटी बांधून हॉटेलांना पोचवत. १९९१ च्या जूनचा पहिला आठवडा. पहाटे पाचच्या सुमारास, शहराबाहेर, मोठ्या रस्त्यावर मागून कुठल्यातरी गाडीने त्यांना उडवले. रात्रभर पाऊस होता. लोक पोचले तेव्हा ते गेले होते आणि पाव रस्त्यावर भिजत पडले होते. मयतीला सगळा मोहल्ला होता. खाला तेव्हा तिशीच्या आतबाहेर, दोन मुलगे, मोठा नऊ वर्षांचा.

पहिल्या दिवशीच्या फिर्यादीत ‘अज्ञात वाहन’ होते. त्या काळच्या कायद्यात अज्ञात वाहनाने माणूस मेला तर वारसांना सरकारी योजनेतून ८,५०० रुपये मिळत. गाडी सापडली तर मात्र दावा न्यायाधिकरणात जातो. तिथे चूक कोणाची हे ठरण्याआधीच २५,००० मिळत, आणि चूक सिद्ध झाली की कमाई आणि वय बघून पुढची रक्कम. गाडी सापडण्या-न सापडण्यात एका घराचे पुढचे वीस वर्षांचे आयुष्य असते. म्हणूनच काही ठिकाणी गाडी ‘सापडवली’ जाते. एखादा दलाल विमा असलेल्या गाडीच्या मालकाला पटवतो, महिन्याभराने कोणीतरी पुरवणी जबाब देतो की मी गाडीचा नंबर पाहिला होता, ड्रायव्हर कबूल होतो. पैसा कंपनीचा जातो. कोणाच्या बापाचे काय गेले, असे म्हणतात.

खालांच्या प्रकरणात एक निळा टेम्पो सापडला. दीड लाखाचा दावा ऑगस्टमध्ये दाखल झाला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला कंपनीच्या वकिलांनी कागद अब्बांकडे पाठवले. मी लिफाफा फोडून वाचायला लागले आणि नावावर थांबले.

अम्मी त्याच रात्री म्हणाल्या, “परत करा. सांगा ओळखीचे लोक आहेत, जमणार नाही.” मला आजही वाटते की हे त्या रात्रीचे सगळ्यात शहाणपणाचे बोलणे होते. अब्बा म्हणाले, “मी परत केले तर दुसरा येईल. त्याला कळायला दोन दिवस लागतील, आणि तो बाईचेही नाव खोटे बोलणाऱ्यांत घालेल.” हे उत्तर मला अर्धेच पटले, तेव्हाही आणि आताही. दुसरा अर्धा भाग असा होता की त्यांना जाणून घ्यायचे होते. समोर मोडलेले लोखंड आहे आणि त्याला हात लावायचा नाही, हे त्यांना जमत नसे.

खालांची इद्दत अजून संपायची होती. ती संपेपर्यंत ते त्यांच्या दारात गेले नाहीत. बाकीचे काम केले. पोलिसांनी पहिल्या सकाळी केलेला पंचनामा मी वाचून दाखवला. सायकलच्या हँडलच्या उजव्या टोकाला पिवळसर रंग घासलेला होता, अशी त्यात नोंद होती. टेम्पो निळा. मागून येऊन उजवीकडून जाणाऱ्या गाडीची डावी बाजू हँडलला लागणार, आणि टेम्पोच्या डाव्या मडगार्डला पोचा होताही. अब्बा तो पत्रा बोटांनी चाचपून आले. धडकेत पत्रा पसरट दबतो, घडी पडते. या पोच्यात लहान लहान गोल ठसे होते, हातोडीचे. नंतर ते सोलापूरला गेले. टेम्पो कांदा वाहायचा. त्या पहाटे सव्वाचार वाजता तो सोलापूरच्या जकात नाक्यावर होता, आणि पावतीवर त्याचा क्रमांक होता. सोलापूर साताऱ्यापासून २०० किलोमीटरहून जास्त.

सोलापूरहून ते रात्री आले, हातपाय धुतले, जेवले नाहीत. मला म्हणाले, “उद्या लिहू.”

दुसऱ्या रात्री मी पेन घेऊन बसले तेव्हा एकोणीस वर्षांची होते, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. मी म्हटले, “अब्बा, असे लिहिते: सदर वाहनाचा अपघातातील सहभाग निश्चितपणे सांगता येत नाही.” वाक्य मी दिवसभर जुळवले होते. ते खोटेही नव्हते, निदान मला तसे वाटत होते. त्या एका वाक्यावर कोर्टाने खालांना काही ना काही दिले असते.

अब्बांनी मला रागावून बोलले नाही. ते म्हणाले, “ठेव. सकाळी बघू.” त्या रात्री ते झोपले नाहीत हे मला भिंतीपलीकडून कळत होते. फज्रनंतर आले आणि म्हणाले, “पावती माझ्या खिशात आहे, आणि मी लिहू की सांगता येत नाही? लिही, टेम्पो सोलापूरला होता.” मी लिहिले. शेवटी त्यांनी एक वाक्य जास्तीचे घातले: अर्जदार स्त्री घराबाहेर पडत नव्हती, तिला इतरांनी सांगितले त्यावर तिने सही केली आहे, आणि या बनावात तिचा हात नाही. हे वाक्य कंपनीने मागितले नव्हते.

अहवाल पाठवण्याआधी ते अम्मींना घेऊन खालांकडे गेले. मी मागून गेले. दाराच्या आत, परातीत निवडायचे तांदूळ तसेच होते. अब्बांनी उभ्याउभ्याच सांगितले, “बहन, तो टेम्पो त्या पहाटे सोलापूरला होता. माझ्याकडे कागद आहे.”

खालांना हे माहीतच नव्हते. आम्ही सगळे समजत होतो की त्यांना ठाऊक असणार, निदान अंदाज असणार. त्यांना दिराने आणि त्या दलालाने सांगितले होते की मारणारा सापडला, आणि त्यांनी ते खरे मानले होते. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “भाईजान, मग कोणी मारले?”

“माहीत नाही.”

“मी रोज मगरिबनंतर त्या टेम्पोवाल्याला बददुआ देत होते. त्याला लागली तर नसेल?” आणि थोड्या वेळाने, “आता मी कोणाला देऊ?”

पैशाबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत. ते सगळे बाकीचे लोक बोलले.

अब्बांनी घरी येऊन दुसरा कागद काढायला लावला. अज्ञात वाहनाच्या योजनेत तेव्हा अर्ज सहा महिन्यांत करायचा असे आणि मुदत डिसेंबरात संपत होती. खोट्या दाव्याच्या नादात तो अर्ज कोणी केलाच नव्हता. मी अर्ज भरला, खालांनी उर्दूत सही केली, अब्बा तीन वेळा प्रांत कचेरीत गेले. पुढच्या वर्षी ८,५०० रुपये आले. न्यायाधिकरणातला दावा दिराने गुपचूप काढून घेतला.

मोहल्ल्याने आमच्यावर बहिष्कार वगैरे टाकला नाही. तसे काही जाहीर होत नसते. अब्बांच्या सलामला जवाब यायचा, पण त्याच्यापुढचे वाक्य यायचे नाही. बकरी ईदला वाट्याच्या थाळ्या यायच्या त्या निम्म्याहून कमी झाल्या. आपाची जवळपास ठरलेली सोयरीक मागे गेली, आणि निरोप असा आला की मुलीत खोट नाही, पण बाप सरकारला चुगली करणारा आहे. अम्मींनी हा निरोप अब्बांना सांगितला नाही. अब्बांना तो दुकानात कळला. मशिदीत एका बुजुर्गाने त्यांना समजावले की यतिमांच्या तोंडचा घास काढून कोणता सवाब मिळाला. सूरह निसामध्ये गवाहीबद्दल काय आहे, आपल्यांविरुद्ध असली तरी, आणि माणूस गरीब असो की श्रीमंत, हे त्या बुजुर्गांना अब्बांपेक्षा चांगले पाठ होते. अब्बा ऐकून घेऊन घरी आले.

मीही त्यांच्याशी नीट बोलत नव्हते. मला राग होता तो त्यांच्या खरेपणाचा नाही, तर ते इतके खात्रीचे असण्याचा. आणि अक्षर माझे होते. खाला दुसऱ्यांचे परकर शिवू लागल्या. मोठा मुलगा दहाव्या वर्षी त्याच बेकरीत लागला. मी कॉलेजला जाताना तो पीठ लागलेल्या हातांनी दारात उभा दिसायचा, आणि मी रस्ता बदलायचे.

मला जे उशिरा कळले ते हे, की अब्बांना खात्री फक्त टेम्पोची होती. बाकीचे त्यांना सोडत नव्हते. पोलिसांनी ताब्यात घेतलेली सायकल खालांच्या दिराला परत मिळाली तेव्हा त्याने ती भंगारात दिली होती. अब्बा भंगारवाल्याकडे गेले. सायकलचे तुकडे झाले होते, पण हँडल होते. ते त्यांनी विकत आणले. उजव्या टोकाला पिवळा रंग अजून होता. ते हँडल गोणपाटात गुंडाळून ते गॅरेजांमधून हिंडू लागले. आधी साताऱ्यातली, मग कराड, कोल्हापूर, मग पुण्याकडची. डेंटिंग-पेंटिंग करणाऱ्यांना विचारायचे: जून ९१, पिवळा ट्रक, डावी बाजू, साडेतीन फुटांवर काही आले होते का? कंपनीचे हे काम नव्हते, मानधन नव्हते. स्वतःच्या पैशाने, रविवारी. मिळालेला प्रत्येक क्रमांक ते एका वहीत लिहीत. खाकी पुठ्ठ्याची वही होती, लष्करातून आणलेली. उर्दूत तीन रकाने: क्रमांक, कुठे पाहिला, काय निघाले. तिसऱ्या रकान्यात सगळीकडे एकच शब्द: नहीं.

या शोधाचे अम्मींना कौतुक नव्हते. “जे केले ते केले, आता फिरून काय होणार,” त्या म्हणत. मलाही वाटते की त्यातला काही भाग तपास होता आणि काही भाग प्रायश्चित्त, आणि कशाचे प्रायश्चित्त हे त्यांना स्वतःलाही नीट सांगता आले नसते. कारण पुन्हा तशी वेळ आली असती तर त्यांनी पुन्हा तेच लिहायला लावले असते.

१९९४ च्या नोव्हेंबरात कायदा बदलला. न्यायाधिकरणात दावा करण्याची सहा महिन्यांची मुदत गेली, आणि अज्ञात वाहनाने मृत्यू झाल्यास ८,५०० ऐवजी २५,००० झाले. वर्तमानपत्रातली बातमी मीच वाचून दाखवली, कारण तेव्हा मी सासरहून आले होते. अब्बांनी ती दोनदा वाचायला लावली. जुन्या प्रकरणांना हे लागू होते का, हे विचारायला ते दुसऱ्या दिवशी वकीलसाहेबांकडे गेले. होत नव्हते. आता ती रक्कम दोन लाख झाली आहे, २०२२ पासून. हे ऐकायला ते नव्हते.

दिवस गेले तसे लोकही विसरले. आपाचे लग्न दुसरीकडे, चांगल्या घरात झाले. मोहल्ल्यात ज्यांच्यावर खोटे खटले पडले तेच लोक कागद घेऊन अब्बांकडे यायला लागले आणि अब्बा खडूने फरशीवर रस्ते काढू लागले. खालांकडून मात्र ईदची थाळी कधी थांबलीच नव्हती, हे मला अम्मींनी फार उशिरा सांगितले. निम्म्या थाळ्या बंद झाल्या त्या वर्षीसुद्धा त्यांच्याकडून वाटी आली होती. त्यांच्याकडे कुर्बानी नव्हती. आलेल्या वाट्यातूनच त्यांनी पाठवली होती.

शेवटची काही वर्षे अब्बांना मोतीबिंदू आणि मग मधुमेह. दारासमोर खुर्ची टाकून बसत. रस्त्यावरून ट्रक गेला की मान वळायची, आणि नजर जायची ती डाव्या बाजूच्या पुढच्या कोपऱ्यावर. नातवंडे याला आजोबांचा खेळ समजत. मी समजावले नाही. वहीतली शेवटची नोंद २००९ ची आहे, अक्षर ओळींवर न राहिलेले. तोपर्यंत तो ट्रक, असलाच तर, कधीच भंगारात गेला असणार. त्यांना हे माझ्याहून चांगले माहीत होते.

२०१४ मध्ये ते गेले. तिसऱ्या दिवशी खाला आल्या. केस पूर्ण पांढरे, चालायला काठी, बरोबर तो बेकरीतला मुलगा. आता बेकरी त्याच्या स्वतःच्या नावावर आहे. अम्मींजवळ बसून त्या तस्बीह फिरवत राहिल्या. जाताना मी त्यांना थांबवले. माळ्यावरून गोणपाट काढले, धूळ झटकली आणि हँडल त्यांच्यासमोर ठेवले. अब्बांच्या चीजवस्तूंत मला हीच एक वस्तू अशी वाटत होती जी आमची नव्हती. मुलाने उजवे टोक पाहिले. पिवळा रंग काळपट झाला होता, पण होता. तो काही बोलला नाही. वही मी त्याला दाखवली. त्याला उर्दू वाचता येत होते. तो पाने उलटत बसला.

खालांनी हँडलवरून हात फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि मध्येच थांबल्या.

“याच्यावर घंटी होती,” त्या म्हणाल्या. “लहानी, पितळेची. मी घेऊन दिली होती. ती कुठे गेली?”

मी गोणपाट उलटे करून झटकले. मग माळ्यावर चढून अब्बांची लोखंडी पेटी खाली घेतली, आणि आम्ही तिघांनी मिळून ती पूर्ण रिकामी केली. नट, बोल्ट, काचांच्या पुड्या, जकातीच्या पावत्या. घंटी नव्हती.